हलवून पाहिलेला कन्व्हर्टर

झेंडूचे ढीग रस्त्याच्या कडेला दिसायला लागले, की माझ्या बोटांना चिंचेचा वास येतो. खराखुरा येत नसणार, मला ठाऊक आहे. तीस वर्षांपूर्वीचा वास एवढा टिकत असता, तर अत्तरवाल्यांनी चिंचेचीच दुकानं टाकली असती. पण येतो. मी पदराला हात पुसते, पुन्हा हुंगते, आणि स्वतःशीच हसते.

यंदा हसू जरा जास्तच आलं. माझी नात मुक्ता नवी गाडी घेऊन दारात उभी. क्लच नाही, गिअर टाकायची खटपट नाही, नुसता पाय ठेवायचा आणि जायचं. म्हणाली, "आजी, दसऱ्याला हिची पूजा तू करायचीस." मी गाडीभोवती एक फेरी मारली, कंबर धरून वाकले, खालून पाहिलं आणि विचारलं, "हिचा कन्व्हर्टर केवढा आहे?"

"हिचा काय?"

"कन्व्हर्टर. टॉर्क कन्व्हर्टर. घेताना विचारलं नाहीस?"

मुक्ता माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या लेखी आजीला ठेचा, पापड आणि शेजारणींच्या भानगडी एवढंच कळतं. तिला काय सांगू, की एके काळी एका कन्व्हर्टरनं माझी सगळी हुशारी धुऊन काढली होती. म्हणजे धुतलं मीच. पण ते पुढे.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, आणि जगात एकही माणूस सरळ नाही याबद्दल माझी पक्की खात्री होती. भाजीवाला चांगल्या वांग्यांखाली किडकी दडवतो. दूधवाला आधी पाणी घेतो, मग म्हैस पिळतो. रॉकेलवाल्याचं माप आतून चेपलेलं असतं. आम्ही पारोळ्याकडची माणसं, पोटासाठी सुरतेत आलेली, कोसाडच्या वसाहतीत दीड खोलीत राहणारी. परक्या मुलखात डोळे उघडे ठेवावेत, असं आई सांगायची. मी ते एवढे उघडे ठेवले की पापणी लवायची सोय राहिली नाही. नारळ घेतला तर पाच-सहा कानाशी हलवल्याशिवाय घ्यायची नाही. कलिंगडाला टिचक्या, भेंडीचं टोक मोडून, साडी उन्हात धरून. दुकानदार मला लांबून बघून फळी ओढायचे म्हणे. याचा मला केवढा अभिमान!

माझे मिस्त्री, म्हणजे मुक्ताचे आजोबा, आधी लूमच्या कारखान्यात फिटर होते, मग एका गॅरेजात लागले. हाताला गुण होता. बोलायचे कमी. घरात आमची अहिराणी, बाहेर त्यांची मोडकी गुजराती, आणि इंजिनाशी कुठली भाषा बोलायचे देव जाणे, पण ते ऐकायचं. त्या वर्षी गॅरेजच्या मालकानं सांगून टाकलं, दिवाळीला शटर ओढतोय, जागा विकली. म्हणजे दिवाळीनंतर काय? गावी परत, भावाच्या शेतावर, जावेच्या हाताखाली. जावेच्या हाताखाली, हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे.

अशा वेळी जयंतीभाई आले. हिऱ्यांच्या धंद्यातले. त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकन गाडी होती, लांबलचक, नावेसारखी, बिनक्लचची. तिचा कन्व्हर्टर जळाला होता. अमरोलीला त्यांच्या गाळ्यांची एक ओळ होती, तिच्यातला कोपऱ्यातला गाळा रिकामा. ते म्हणाले, "मिस्त्री, दोन कामं. सकाळी माझ्या बाला, म्हणजे आईला, देवळात न्यायचं, भर बाजारातून, आणि गाडी गरम व्हायची नाही. आणि दिवाळीच्या आधी जुन्या विमानपट्टीवर पाव मैलाची सरळ शर्यत आहे, त्यात माझ्या साडूची गाडी माझ्या मागे राहिली पाहिजे. दोन्ही एकाच गाडीनं. जमलं, तर दिवाळीनंतर लाभपाचमीच्या मुहूर्ताला तो गाळा उघडा, तुमच्या नावाची पाटी लावून."

जमलं नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतंच. जाऊबाई.

कन्व्हर्टर ही चीज मी पहिल्यांदा पाहिली ती नवरात्रात, आमच्याच कॉटखाली. गॅरेजचं सामान रोज कुठे ना कुठे गायब होत होतं, म्हणून मिस्त्रींनी ती घरी आणून ठेवली. एक नाही, दोन. पत्र्याची चपटी मडकी म्हणा, चारी बाजूंनी वेल्डिंग करून बंद, मधोमध एक नळी आणि तिला तोंड. एक परातीएवढं, एक त्याहून बरंच लहान.

"काय शे ते?" मी विचारलं.

मिस्त्रींनी दोन ताटल्या समोरासमोर धरून दाखवल्या. आत दोन पंखे असतात, मध्ये तेल. एक पंखा इंजिन फिरवतं, त्यानं तेल फिरतं, त्या तेलाच्या रेट्यानं दुसरा फिरतो, आणि तो चाकांना फिरवतो.

"आणि हे दोन पंखे एकमेकांना जोडलेले कुठे असतात?"

"कुठेच नाही. शिवतसुद्धा नाहीत."

झालं. माझ्या संशयाला घर मिळालं. एकमेकांना न शिवता हत्तीएवढी गाडी चालते, आणि आत काय आहे ते उघडून पाहायची सोय नाही! नारळ निदान फोडता येतो.

दोन्ही कन्व्हर्टर दिले होते सोराबकाकांनी. नवसारी रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं, जुन्या परदेशी गाड्यांच्या सुट्या भागांनी छतापर्यंत भरलेलं. सत्तरीचे पारशी, पांढरी टोपी, जाड चष्मा, कानावर पेन्सिल. म्हणाले होते, दोन्ही घेऊन जा, लावून बघ, जो बसेल तो ठेव, दुसरा परत कर. एवढा भला माणूस? माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

त्यात लहान कन्व्हर्टर हा मोठ्यापेक्षा भारी, असं मिस्त्री म्हणायला लागले, तेव्हा तर मी हातच जोडले. लहान वस्तू मोठीपेक्षा भारी कशी? अहो, हे वांगं आहे का कोवळं?

त्यांनी समजावलं. मोठा कन्व्हर्टर लगेच पकडतो. इंजिन जरा फिरलं की गाडी निघाली. बाजारात बरं, तेल थंड राहतं. पण त्या इंजिनाला जाग यायची ती वरच्या फेऱ्यांत. मोठा कन्व्हर्टर त्याला झोपेतच ओढून नेतो, आणि शर्यतीत गाडी जागची उठता उठत नाही. लहान कन्व्हर्टर सुरुवातीला घसरू देतो. इंजिनाला आधी जागं होऊ देतो, मग एकदम पकडतो. शर्यतीला तोच. पण बाजारात, थांब-चाल थांब-चाल करताना, तो घसरतच राहतो आणि तेल तापवतो.

"म्हणजे एकाला देऊळ जमतं, एकाला शर्यत."

"हाओ."

"मग तिसरा आणा."

"तिसरा नही."

नवरात्रातच त्यांनी मोठा लावून पाहिला. मला शेजारी बसवलं, काटा वाचायला. एक पाय ब्रेकवर गच्च दाबून दुसऱ्यानं अॅक्सिलरेटर दाबायचा, आणि गाडी ब्रेकला ढकलायला लागेपर्यंत इंजिनाचा काटा कुठवर चढतो ते बघायचं. तो कन्व्हर्टर इंजिनाला कुठवर सोडतो, ते असं कळतं. गाडी थरथरली, पुढचं नाक वर आलं, मी देवाचं नाव घेत ओरडले, "अठराशे!" मिस्त्रींनी पाय काढला. "अडीच हजाराशिवाय हिले जाग येत नही," एवढंच म्हणाले. मग ब्रेक सोडून गाडी पळवून पाहिली. डबक्यातून म्हैस उठावी तशी उठली. मागच्या सीटवर जयंतीभाईंच्या आई, बा, मांडीवर माळेची पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्या खूश. "धक्को नथी लागतो, बहु सरस." मीही खूश. मोठं ते भरवशाचं, मी म्हणतच होते.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवून मोठा काढला आणि पुन्हा कॉटखाली आणून ठेवला. लहान लावायचा, म्हणाले. पण मधे दसरा आला.

त्या दसऱ्याची सकाळ मला अजून पुरती दिसते. ऑक्टोबरचं ऊन सात वाजताच वसाहतीच्या गच्च्यांवर चढलेलं. खाली फाफडा-जिलेबीच्या गाडीपाशी रांग, जिलेबीच्या तुपाचा वास जिन्यातून वर. आमच्याकडे मात्र हत्यारांची पूजा. लहानपणी गावी विळे, कोयते, वखराची पास घासून पाटावर मांडायचो. सुरतेत आल्यावर त्या जागी पाने, पक्कड, हातोडी. त्या वर्षी मला वाटलं, आपलं नशीब ज्यांच्यावर आहे ती ही दोन मडकी अशी तेलकट, काळी, देवापुढे ठेवायची? मिस्त्री आपट्याची पानं आणि झेंडू आणायला गेले होते. मोठं मला उचलेना, त्याला नुसतं ओलं फडकं फिरवलं. लहान मात्र मी मोरीत नेलं. चिंच भिजवली, राख घेतली, आणि तांब्याचा हंडा घासावा तसं घासलं. वरून घासलं, खालून घासलं, त्या मधल्या तोंडातसुद्धा चिंचेचा गोळा घालून बोटं फिरवली. मग नळाखाली धरून खळखळून धुतलं. असं लखलखलं, की माझं तोंड दिसत होतं त्यात. आज वाटतं, नीट बघायला हवं होतं. वेडी बाई स्पष्ट दिसत होती.

मिस्त्री आले, पाटाकडे पाहिलं, लहानाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला वाटलं, भारावले. मी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल त्या तोंडावर बरोबर बसलं.

दोन दिवसांनी ते लहान कन्व्हर्टर गॅरेजला न्यायला निघाले. मी म्हटलं, थांबा. आणि सवयीप्रमाणे उचलून कानाशी हलवला.

खळ्ळ.

"अहो, पाणी!"

"तेल असेल आतलं."

मी तो मोरीवर कलंडला. तांबूस, गढूळ पाणी आलं. तेल कुठे, नुसतं पाणी. मिस्त्रींचा चेहरा उतरला, तो मला आजही आठवतो. आतल्या पात्यांना गंज चढला, की कन्व्हर्टर गेला, आणि तो नसता गेला तरी हे पाणी गिअरबॉक्सात शिरून सगळं खाऊन टाकणार. शर्यत पंधरा दिवसांवर.

माझं मात्र सुरू झालं होतं. "बघा! लहानातच पाणी! मोठ्यात आहे का? नाही! मी पहिल्या दिवसापासून सांगत नव्हते? पावसात पडलेला माल गळ्यात मारला म्हाताऱ्यानं. एवढा गोड बोलतो तो उगाच का? लावून बघ म्हणे, परत कर म्हणे. आता चला, त्याच्या शेडमध्ये जाऊन त्याच्या तोंडावर ओतते हे पाणी!"

मिस्त्री मोरीतल्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाल. त्यासलेच इचारू."

कन्व्हर्टर जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि मी स्कूटरवर मागे बसले. अमरोलीचा पूल, खाली तापी, पुढे रिंग रोडवर साड्यांच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या, मग उधना. एका सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई माझ्या मांडीकडे बघून म्हणाली, "मोढुं तो बहार राखो, बेन, गूंगळाशे." तोंड बाहेर ठेवा, बाई, गुदमरेल. तिला तान्हं मूल वाटलं होतं. मी लुगडं जरा बाजूला केलं. कन्व्हर्टरचं तोंड बघून ती रिक्षात मागे सरकली.

वाटभर मी भांडणाची तयारी केली. कुठल्या शब्दानं सुरुवात करायची, कुठे आवाज चढवायचा, जमलं तर कुठे रडायचं. शेडच्या दारात मिस्त्री स्कूटर स्टँडला लावत थांबले, मी एकटीच आत शिरले आणि मडकं सोराबकाकांच्या टेबलावर आदळलं. "हलवून बघा."

"आव, डिकरी. नारियेल लावी के?" ये मुली, नारळ आणलास की काय?

"नारळवाला निदान पाणी आहे म्हणून सांगून देतो, काका!"

त्यांनी हलवलं. कान लावला. मग पत्र्याच्या तसराळ्यावर कलंडून धरला, हळूहळू फिरवत, बोंडल्यातून बाळाला पाजावं तसं. राहिलेलं पाणी आलं. त्यात बोट बुडवून त्यांनी वास घेतला. चष्मा वर केला. पुन्हा कलंडलं, एक झटका दिला, आणि तसराळ्यात काहीतरी टणकन पडलं.

काकांनी ते दोन बोटांत उचललं, टेबलावरच्या मळक्या फडक्याला पुसलं आणि माझ्यासमोर तळहातावर धरलं.

चिंचोका. काळाभोर, चमकदार.

"सुमन डिकरी," ते अगदी हळू म्हणाले, "मारा शेडमां बधुं मळे. आमली नथी मळती."

माझ्या शेडमध्ये सगळं मिळतं, चिंच मिळत नाही. मी बत्तीस वर्षांत गोळा केलेली सगळी भांडणं त्या तळहातावर संपली. मोरी दिसली, राख दिसली, नळाखाली लखलखणारं माझं तोंड दिसलं. गाळा गेला, तो मी घालवला. हे आता बाहेर उभ्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात मिस्त्री आत आले. सोराबकाकांची मूठ मिटली. "भास्कर, मारी भूल," ते म्हणाले. "धोऊन ठेवलेलं मीच, सुकवायचं राहिलं. बैस. दोन दिवसांचं तर पाणी आहे, काही बिघडत नाही." मिस्त्री बसले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काकांनी कन्व्हर्टर रॉकेलनं आतून खळखळवला, उलटा टांगून निथळवला, मग स्वच्छ लाल तेल घालून पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी निघालेलं तेल काचेच्या पेल्यात उन्हाकडे धरलं, मी साडी धरते तसं. दुपार झाली. त्यांनी चहा मागवला, आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "पुढं एक जाळी बसव रे भास्कर, तेल थंड करायला. मग लहानच चालेल, बाजारातही. आणि तेलाच्या वासाला हिला बसव. हिचं नाक चांगलं आहे, फक्त चुकीच्या दिशेला असतं."

मी चहात तोंड घातलं.

त्या हंगामाचा वास म्हणजे मग दोनच. लाल तेलाचा आणि उसाचा. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला, सुरतेची तुपाळ घारी खाऊन झाली, चलथाणच्या कारखान्याचं धुराडं पेटलं, आणि बारडोलीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. मिस्त्रींनी मुद्दाम तोच रस्ता निवडला. याहून वाईट बाजार कुठला मिळणार? ट्रॅक्टर दोन हात पुढे, थांबला. दोन हात पुढे, थांबला. मळीचा गोड, आंबूस वास खिडकीतून आत, वरून ऊन, मागे बा माळ ओढत. मी दर थांब्याला उतरायची, बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढायची आणि हुंगायची. जळालेल्या तेलाला करपलेल्या फोडणीचा वास येतो, तपकिरी होतं. मी जीव नाकात आणून उभी. एकदा खरंच करपल्यासारखं वाटलं, मी पट्टी हातात घेऊन मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्रींनी दाखवलं, पुढच्या ट्रॅक्टरचा ब्रेक होता. आमचं तेल लाल ते लाल.

"गरम?" बांनी विचारलं.

"नाही बा."

"तो पछी वारंवार शुं सूंघे छे?"

काय सांगणार, कशासाठी सारखी हुंगते ते!

शर्यतीच्या सकाळी पट्टीच्या दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, आणि गवतात उभी माणसं. आमची नावेसारखी गाडी साडूच्या लाल गाडीशेजारी उभी राहिली. मिस्त्रींचे दोन्ही पाय दोन पेडलांवर. इंजिनाचा आवाज चढत गेला, गाडी मात्र जागची हलेना. पाणी राहिलं असेल आत. एखादा थेंब. एखादा दुसरा चिंचोका! मग झेंडा पडला, गाडी मागच्या चाकांवर बसली, आणि गेली. अशी गेली, की गवत उलट्या दिशेला झोपलं. पहिला नंबर मुंबईच्या कुणाचा आला. लाल गाडी आमच्या मागे राहिली, आणि जयंतीभाईंना तेवढंच हवं होतं.

लाभपाचमीला गाळ्याचं शटर वर गेलं. कोपऱ्यावर अजून आहे तो गाळा, आता मुलगा बघतो. जावेचा हात माझ्या डोक्यावर आशीर्वादापुरताच राहिला. सोराबकाका दर दसऱ्याला येत, आणि मी वाढलेलं वरण बोटानं चाटून म्हणत, "आमली ओछी छे." चिंच कमी आहे. मी जळजळीत नजरेनं बघायची, मिस्त्री वरणात भात कालवत राहायचे. मला वाटायचं, बरं झालं, यांना कळलं नाही. तीस वर्षं वाटलं. काका गेले, गुपित माझ्याजवळ राहिलं, जपून ठेवल्यासारखं.

तर यंदाचा दसरा. मुक्ता हळद-कुंकवाचं ताट घेऊन गाडीपाशी उभी. आजोबा खुर्चीत, आता सत्तरीच्या घरातले, ऐकू कमी येतं. मी म्हटलं, "पाण्याची बादली लांब ठेव गं." मुक्तानं विचारलं, "का?" मी काही बोलणार, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"बेटा, कोरडं फडकं घे. अन् चिंच तुनी आजीपाईन दपाडी ठेव."

दपाडी म्हणजे लपवून. मुक्ताला कळलं नाही, ती हसली. मी मात्र झेंडूचं फूल हातात घेऊन तशीच उभी राहिले. मिस्त्री रस्त्याकडे बघत होते, मिशीत काहीतरी हलत होतं.

म्हणजे त्या सकाळी, पाटापाशी, ते भारावले नव्हते. आणि "चाल, त्यासलेच इचारू" म्हणाले ते काकांना विचारायला नव्हे, माझं मला कळावं म्हणून. आणि दारात स्कूटर स्टँडला लावायला एवढा वेळ लागतो का कुणाला? आणि पाणी दोनच दिवसांचं आहे, हे काकांना आधी कुणी सांगितलं होतं?

फूल वाहिलं, नारळ वाढवला. पण दुपारपासून एक नवाच संशय डोक्यात घर करून बसला आहे, आणि तो कुणाला विचारणार? चिंच मी त्या दिवशी नेहमीसारखीच भिजवली होती. आणि मी, किडकं वांगं देठावरून ओळखणारी, चिंच भिजवायच्या आधी चिंचोके काढल्याशिवाय राहते का कधी?

मग तो आला कुठून? कन्व्हर्टरमधून, की सोराबकाकांच्या खिशातून?